जुमला, थेंब आणि आमचे दिवाणजी

सांगलीच्या गणपती पेठेत रोजकीर्दी, खतावण्या आणि लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांब चोपड्या विकण्याचा आमचा तीन पिढ्यांचा व्यवसाय असून, हळदीचे आणि गुळाचे अडते हिशेबासाठी संगणकाच्या आश्रयाला गेल्यापासून त्याला जी उतरती कळा लागली आहे, तिच्यावर उपाय म्हणून दुकानाचे संकेतस्थळ काढावे, म्हणजे ज्याने गिऱ्हाईक पळवले त्याच्याच मार्फत ते परत आणावे, असा युक्तिवाद पुण्यास अभियंता असलेल्या माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत चकली मोडता मोडता मांडला. चोरालाच पहाऱ्याची सनद देण्याचा हा प्रकार मला तत्त्वतः मान्य नव्हता. परंतु फराळाला बसलेल्या भाच्याशी वाद घालणाऱ्या मामाला स्वतःच्या घरात एकही अनुकूल साक्षीदार मिळत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

"मामा, प्रश्न एवढाच, की सीएमएस कोणती घ्यायची?" तो म्हणाला. मजकूर एका जागी ठेवायचा, त्याची मांडणी दुसऱ्या जागी, मालकाने नुसता मजकूर भरीत जावे आणि रेघा आखण्याचे काम यंत्राने करावे, असे त्या वस्तूचे स्वरूप त्याने तीनदा विशद केल्यावर मी म्हणालो, "म्हणजे छापील रकान्यांची वही. ती तर तुझे पणजोबा विकत होते." यावर त्याने दुसरी चकली घेतली.

उमेदवार तीन होते. पहिला ड्रूपल. बेल्जियममधील एक विद्यार्थी आपल्या संकेतस्थळाला डच भाषेतले 'खेडे' या अर्थाचे नाव द्यायला गेला, टंकलेखनात अक्षरांची उलटापालट होऊन 'थेंब' उमटला, आणि त्याने तोच कायम केला. पुढे २००१ साली त्याने प्रणाली सर्वांना खुली केली, तेव्हा तिचे नावही डच थेंबावरूनच पडले. मोठमोठ्या संस्थांचा कारभार ही प्रणाली समर्थपणे वाहते, असे भाच्याने सांगितले. परंतु ज्या दुकानात एका आकड्याची चूक शोधण्यासाठी रात्री जागवल्या गेल्या, तेथे खेड्याचा थेंब करणाऱ्याची नेमणूक कशी व्हावी?

दुसरे नाव उच्चारले गेले, तेव्हा कोपऱ्यातील तक्क्याला टेकून सुपारी कातरणारे आमचे दिवाणजी एकदम ताठ झाले. "जुमला?"

"जूमला," भाचा म्हणाला. "स्वाहिली शब्द आहे. अर्थ, सगळे मिळून."

"स्वाहिली कशाला, मालकांच्या आजोबांच्या खतावणीत प्रत्येक पानाखाली आहे," असे म्हणून दिवाणजींनी माळ्यावरून एक जीर्ण चोपडी उतरवली, तिच्यावरची धूळ भाच्याच्या लाडवावर झटकली आणि बेरजेच्या ओळीवर बोट ठेवले. अरबीतला हा एकच शब्द एका वाटेने आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला आणि फारसीच्या वाटेने आमच्या दप्तरांत उतरला. शिवाजी महाराजांच्या लष्करात तर हवालदाराच्या वरचा हुद्दाच जुमलेदार होता. मॅम्बो नावाच्या प्रणालीच्या हक्कांवरून तंटा होऊन २००५ साली जूमला प्रणालीने वेगळी चूल मांडली, हे कळल्यावर तर दिवाणजींना ती अगदी घरची वाटू लागली, कारण भाऊबंदकीचे कागद सांभाळण्यातच त्यांची अर्धी नोकरी गेली आहे.

माझेही मत जुमल्याकडे झुकत होते. परंतु भाचा पुण्याला परत गेल्यावर हे यंत्र अडले तर कोणाच्या पाया पडायचे, याची मी पेठेत चौकशी केली, तेव्हा थेंब आणि जुमला यांचे नावही कोणी ऐकलेले नव्हते, पलीकडच्या बोळातील मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा मात्र मान वर न करता म्हणाला, "वर्डप्रेस असेल तर या." जगातील शंभरांपैकी चाळीसहून अधिक संकेतस्थळे २००३ साली निघालेल्या या तिसऱ्या उमेदवारावर चालतात, हा भाच्याचा युक्तिवाद मला पटला नव्हता, बोळातला मुलगा पटला. वही घेताना कागदापेक्षा बांधणारा कोठे बसतो हे आधी पाहावे, हे आम्ही गिऱ्हाइकांना सांगतच आलो आहोत.

वर्डप्रेसची स्थापना पाच मिनिटांत होते, अशी त्याची ख्याती आहे, आणि ती खरी आहे. पुढचे तीन महिने मी दर्शनी पानावरील, कॉफीचा पेला धरून हसणारी परदेशी युवती हलवण्यात घालवले. 'रोजमेळ' या नावाने पान केले आणि त्याचा दुवा एका अडत्याला पाठवला, तो त्याच्याकडे टक्केवारीची चिन्हे आणि रोमन अक्षरे यांची माळ होऊन पोचला. दिवाणजींनी ती चष्मा पुसून मोजली: आपल्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला नऊ, म्हणजे एका रोजमेळाला चोपन्न चिन्हे. "एवढ्या व्याजाने तर सावकारही देत नाही," ते म्हणाले.

प्रणाली फुकट आहे, हे भाच्याने शपथेवर सांगितले होते. दिवाणजींनी तिचे स्वतंत्र खाते उघडले असून, नावाचे वार्षिक भाडे, जागेचे वार्षिक भाडे, मांडणीची किंमत आणि बोळातील मुलाचा चहा, अशा रकमा नावे बाजूस पडल्या आहेत. जमेची बाजू कोरी आहे. तळाशी त्यांनी 'एकूण' असे न लिहिता, माझ्या मते मुद्दामच, 'जुमला' असे लिहिले आहे.

संकेतस्थळावरून आजवर विचारणा एकच आली: दुकान रविवारी उघडे असते काय? आजोबांच्या छायाचित्रापासून पुठ्ठ्याच्या जाडीपर्यंत सारे लिहिताना तेवढेच लिहायचे राहून गेले होते, आणि ते कोठे घालावे हे बोळातील मुलगा गावाहून आल्याखेरीज समजणार नाही. तोवर वाचकांनी कृपया येथेच नोंद घ्यावी: दुकान रविवारी बंद असते.