उच्चारबुवा

प्रत्येक आयटी कंपनीत एक उच्चारबुवा असतो. सर्व्हर बसो की क्लायंट ओरडो, त्याला सोयरसुतक नसतं. पण मीटिंगमध्ये एखाद्या नवख्या पोरीनं 'एसक्यूएल' म्हटलं की बुवांच्या कपाळावर आठी चढलीच. "अगं, सिक्वेल म्हणायचं!" मग कीर्तन सुरू. 1974 साली आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी ही भाषा मांडली तेव्हा नाव सिक्वेलच होतं, पुढे एका ब्रिटिश विमान कंपनीचा ट्रेडमार्क आडवा आला म्हणून ते छाटावं लागलं. सगळं अगदी खरं. तोवर तिची क्वेरी टाइमआउट झालेली असते.

बुवांचा सिद्धांत एकच: जन्मदात्याचा शब्द अंतिम. 'गिफ' म्हणाल तर खबरदार! स्टीव्ह विल्हाइटनं 1987 मध्ये कॉम्प्युसर्व्हमध्ये हा फॉरमॅट केला आणि 2013 साली वेबी पुरस्कार घेताना भाषणाच्या जागी पडद्यावर एवढंच दाखवलं, की उच्चार 'जिफ' आहे. "पण सर, ग्राफिक्समधला ग ना तो?" या प्रश्नावर बुवा नुसतं खिन्न हसतात.

जेवणाच्या सुट्टीत मात्र 'टेक' (TeX) या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरचा विषय निघू नये. त्याच्या जन्मदात्यानं, डोनल्ड कनूथ या थोर माणसानं, लिहून ठेवलंय, की यातला शेवटचा वर्ण ग्रीक आहे आणि तो नीट उच्चारला तर समोरचा पडदा किंचित ओला होऊ शकतो. बुवा तो नीटच उच्चारतात. घसा खरवडून, दोनदा. आम्ही आधी भाजीच्या डब्यावर झाकण ठेवतो. टेकवरच बेतलेल्या 'लेटेक'चा कर्ता लेस्ली लॅम्पोर्ट मात्र उदार. लाटेक, लेटेक, अगदी लेटेक्सही चालेल म्हणतो. इथे जन्मदात्याचा शब्द अंतिम का नाही? "तो विनयानं तसं म्हणाला," इति बुवा.

हेच बुवा रोज सकाळी कॅबवाल्याला फोनवर ठणकावतात, "हिंजेवाडी, फेज टू!" इंग्रजी पाटी वाचून शिकलेलं गाव ते. कॅबवाला तिथलाच, पिढीजात. तो "हो साहेब" म्हणतो आणि गाडी बरोबर जागी आणतो.

गावाचं नाव हिंजवडी आहे. कुणीतरी सांगा हो त्यांना. मी सांगितलं असतं, पण माझं अप्रेजल त्यांच्याकडे आहे.