फास्ट स्टार्टअप, हे पत्र तुला आहे

फास्ट स्टार्टअप,

वर नमस्कार नाही. तो मुद्दाम गाळला आहे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर तू घराघरांतल्या आणि कचेऱ्यांतल्या डेस्कटॉपांत शिरलास, कोणालाही न विचारता चालू होऊन बसलास, आणि तेव्हापासून ‘शटडाउन’वर बोट ठेवणाऱ्या प्रत्येकाला फसवत आला आहेस. माणसाला वाटतं, संगणक बंद झाला. तू फक्त त्याच्या उघड्या खिडक्या मिटवतोस, कर्नल आणि ड्रायव्हरांची जशीच्या तशी अवस्था हायबरफिल नावाच्या फाइलीत उतरवून ठेवतोस आणि मग यंत्र झोपवतोस. सकाळी तेच शिळं मेमरीत परत चढवतोस आणि यंत्र लवकर सुरू केल्याचं श्रेय घेतोस. रोज संध्याकाळी न चुकता शटडाउन करणाऱ्याने टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ पाहावा. तिथे कित्येक दिवसांचा आकडा असतो. तुझ्याविरुद्ध साक्ष द्यायला तेवढा आकडा पुरे.

पण या पत्राचं खरं कारण वेगळं आहे. वेक ऑन लॅन, म्हणजे बंद यंत्राला जाळ्यावरून उठवणं, ही संगणकाच्या जगातली अतिशय साधी आणि उपकारक सोय तू बिघडवली आहेस, आणि त्याचा दोष आजवर दुसऱ्यांच्या माथी जातो आहे.

ही सोय तुझ्या खूप आधीची. ‘मॅजिक पॅकेट’चं तांत्रिक टिपण एएमडीने नोव्हेंबर १९९५ मध्ये काढलं. कल्पना इतकी सुटसुटीत, की आजही तिच्यात बदल करावा लागलेला नाही. आधी ६ बाइट एफएफ, त्यामागे ज्या यंत्राला उठवायचं त्याचा मॅक पत्ता सलग १६ वेळा. एकूण १०२ बाइट. संगणक बंद असला तरी पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो, त्यावर लॅन कार्ड जागं राहतं, आणि आपला पत्ता असा १६ वेळा ऐकू आला की मदरबोर्डला उठण्याचा इशारा देतं. ना आयपी पत्ता लागतो, ना ऑपरेटिंग सिस्टिम. पॅकेट पोर्ट ७ वर पाठवा नाहीतर ९ वर, कार्ड तेही बघत नाही. ज्यांनी हे घडवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

तुझ्या राज्यात काय होतं? मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांत लिहिलं आहे, की तुझ्या पद्धतीच्या शटडाउनमध्ये लॅन कार्डाला जागं राहायला सांगितलंच जात नाही. घरमालक झोपला आहे असं सांगून दाराची बेलच काढून नेण्याचा हा प्रकार. कारण काय दिलं आहे? बंद यंत्राने वीज खाऊ नये, बॅटरी उतरू नये, अशी लोकांची अपेक्षा असते. बॅटरी! टेबलाखाली उभ्या, भिंतीतल्या प्लगला कायमच्या जोडलेल्या डबड्याला कुठली रे बॅटरी? लॅपटॉपसाठी केलेला विचार डेस्कटॉपवर लादलास आणि तो नियम सगळ्यांना लावलास. त्याच कागदपत्रांत असंही आहे, की संपूर्ण शटडाउनमधून उठवण्यालाही त्यांचा अधिकृत पाठिंबा नाही. मान्य. पण तू नसलास की निदान मदरबोर्डाचं आणि कार्डाच्या ड्रायव्हराचं ऐकलं जातं, आणि असंख्य यंत्रं उठतात. तू असलास की त्यांना तोंडच उघडता येत नाही.

आता तुझ्यामुळे कोण कसं भरडलं जातं ते ऐक. जुलैचा शेवट, विवरणपत्रांची मुदत डोक्यावर. सीएच्या कचेरीतला सहायक पावसामुळे बदलापूरला घरी अडकला आहे आणि टॅलीचा डेटा ठाण्याच्या कचेरीतल्या डेस्कटॉपवर आहे. त्याने वेक ऑन लॅन नीट जुळवलेलं असतं. गेल्या आठवड्यात तपासलेलंही असतं, यंत्र स्लीपमध्ये टाकून. उठलं होतं. पण काल संध्याकाळी कोणीतरी शिस्तीने शटडाउन केलं. आज ते उठत नाही. मग सुरू होते शोधमोहीम. राउटर दोनदा बंद-चालू केला जातो. नेटवर्कवाल्याला फोन जातो, तो केबल बदलायला सांगतो. पुढच्या आठवड्यात नवं लॅन कार्ड येतं. तेही तुझ्याच हाताखाली बसतं, म्हणून तेही उठत नाही. शेवटी साहेब फर्मान काढतात, की यापुढे यंत्र बंदच करायचं नाही.

या फर्मानाची किंमत बघ. रिकामं बसलेलं डेस्कटॉप समजा ५० वॅट खात असेल, तर दिवसाला १.२ युनिट आणि महिन्याला ३६ युनिट. एका यंत्राचे. वीज वाचवण्याच्या नावाखाली तू कार्डाचा कान बंद केलास आणि त्यापायी अख्खं यंत्र रात्रंदिवस जळत ठेवायची वेळ आणलीस. मला सर्वांत जास्त चीड याची आहे.

न्यायाने बोलायचं तर तू एकटा आरोपी नाहीस, आणि तुझ्या साथीदारांची नावं इथे लिहिली नाहीत तर वाचणारा पुन्हा चुकीच्या दारात जाईल. बायॉसमध्ये ‘ईआरपी’ नावाची एक नोंद असते. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमाने बंद उपकरणाच्या विजेवर आधी १ वॅटची आणि जानेवारी २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. ती पाळण्यासाठी ही नोंद स्टँडबाय पुरवठाच तोडते. हिची ओळख सोपी आहे. यंत्र बंद केल्यावर मागच्या लॅन पोर्टाचा दिवा पूर्ण विझला, तर पहिला संशय ईआरपीवर. दिवा लुकलुकतो आणि तरीही यंत्र उठत नाही, तर संशय तुझ्यावर, नाहीतर पॅकेटच्या वाटेवर.

पॅकेटची वाटही नीट समजून घ्यावी लागते. बंद यंत्राला आयपी पत्ता नसतो. शटडाउननंतर थोडा वेळ राउटरच्या स्मरणात त्याच्या आयपी आणि मॅक पत्त्यांची जोडी असते, म्हणून पाच मिनिटांत केलेली चाचणी यशस्वी होते आणि रात्री केलेली फसते. त्यासाठी पॅकेट एका यंत्राच्या नावाने न धाडता ब्रॉडकास्टने, म्हणजे घरगुती जाळ्यात साधारणपणे २५५ ने संपणाऱ्या पत्त्यावर, धाडायचं. बाहेरून मात्र ब्रॉडकास्ट आत येत नाही. राउटरांनी असे ब्रॉडकास्ट मुळातच अडवून धरावेत असा संकेत १९९९ साली ठरला, कारण त्यांचा वापर करून हल्ले होत होते. म्हणून राउटरात भोक पाडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. आधी व्हीपीएनने आत जावं, किंवा आत एक रास्पबेरी पायसारखं कायम जागं राहणारं छोटं यंत्र ठेवून त्याच्याकडून हाक मारवावी.

आपल्याकडे वीज जाते, हाही भाग आहेच. वीज जाऊन परत आली की काही मदरबोर्ड कार्डाला जागं करत नाहीत. यंत्र एकदा हाताने सुरू करून बंद करावं लागतं. त्यावर बायॉसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते. जुन्या यंत्रात सीआर२०३२ सेल संपला असेल तर या साऱ्या नोंदी पुसल्या जातात आणि वेक ऑन लॅन गुपचूप बंद होतं. सेल स्वस्त आहे, आधी तो बदलावा.

पण हे साथीदार निदान पकडता येतात. ईआरपी दिव्यावरून सापडतं, पॅकेट पोचतं की नाही ते चालू यंत्रावर वायरशार्क हे पॅकेट दाखवणारं साधन लावून दिसतं. तू सापडत नाहीस, कारण ‘बंद’ या शब्दावर कोणी संशय घेत नाही. तुला पकडायची चाचणी मी इथे जाहीर लिहितो. यंत्र स्लीपमध्ये टाका आणि पॅकेट पाठवा. उठलं? आता नेहमीसारखं शटडाउन करून पाठवा. उठलं नाही? आता शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे तुला वगळून खरंखुरं बंद होईल, आणि पुन्हा पाठवा. या वेळी उठलं, तर गुन्हेगार तूच.

आणि मोबदल्यात तू देतोस तरी काय? फिरत्या डिस्कच्या काळात तुझे वाचलेले सेकंद जाणवत होते, हे मी नाकारत नाही. एसएसडी लागलेल्या यंत्रात ती बचत इतकी थोडी आहे, की चहाचा कप खाली ठेवेपर्यंत संपते. तेवढ्यासाठी दूर बसलेल्या माणसाचं अख्खं काम अडवायचं? त्याच यंत्रात लिनक्सही ठेवणाऱ्याच्या विंडोजच्या विभागावर तू ‘अजून वापरात’ असा शिक्का मारून ठेवतोस आणि त्याला तिथे लिहू देत नाहीस, ते आणखी वेगळं.

सेटिंगमध्ये तुझ्या नावापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं. तारेने जोडलेल्या डेस्कटॉपवर ही शिफारस चुकीची आहे. तिथे तू बंद असायला हवास, आणि ज्याला हवा त्याने तुला चालू करावं. निदान शटडाउनच्या बटणाशी एक ओळ तरी लिहिलेली असावी, की हे यंत्र अर्धवटच बंद होणार आहे आणि दुरून उठणार नाही. एवढी ओळ असती तर कितीतरी केबली, कार्डं आणि रविवार वाचले असते.

आता वाचकहो, तुमच्याशी. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा, पॉवर बटणाने काय करावं ते ठरवायची ओळ उघडा, वर ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग’ बदलायचा दुवा आहे त्यावर टिचकी मारा आणि फास्ट स्टार्टअपपुढची खूण काढून टाका. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये यंत्राला उठवायची परवानगी द्या, सोबत फक्त मॅजिक पॅकेटनेच उठवण्याची खूणही करा, नाहीतर यंत्र कशानेही जागं होईल. ‘शटडाउन वेक ऑन लॅन’ असा पर्याय ड्रायव्हरात दिसला तर तो चालू करा. विंडोजचा मोठा अपडेट झाला की फास्ट स्टार्टअपची खूण परत आली नाही ना, ते एकदा पाहा. आणि नवं कार्ड विकत घेण्यापूर्वी शिफ्ट दाबून एकदा शटडाउन कराच.