टपावरचा संसार

मोटारीच्या टपावर तंबू ठोकून झोपायचं, हा बेत प्रस्तुत लेखकाने आधी पुण्यातल्या पुण्यात करून पाहिला. तंबू चढवलेली गाडी सोसायटीच्या तळघरात शिरणार नाही, हे तिथल्या तुळईकडे नुसतं बघूनच कळलं. धावत्या गाडीच्या टपावर किती किलो चालतात, हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत होता आणि तो तंबूच्या वजनाच्या फार पुढे जात नव्हता. उरलेली हवा भाच्याने काढली. त्याने मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मोबाइलवरून मोठ्याने वाचलं. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. ‘‘तंबू बदलात मोडतो की सामानात, हे आरटीओ बघेल, मामा,’’ तो म्हणाला, ‘‘पण शिडीवरून तुम्ही पडणार, एवढं मी आत्ता सांगतो.’’

म्हणून नामिबिया. तिथे असा ट्रक नखशिखान्त सजवून भाड्याने मिळतो, आणि टपावर माणसं निजली म्हणून कोणी भुवई उंचावत नाही.

देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. लोकसंख्या मात्र 2023च्या जनगणनेनुसार जेमतेम तीस लाख. पंक्चर झाल्यावर आपल्याकडे जमतात ते बघे, सल्लागार आणि ‘‘जॅक आहे का?’’ विचारणारे सद्गृहस्थ तिथे उपलब्ध नाहीत. त्यांच्या जागी सामान न्यावं लागतं. राजधानी विन्डहुकमध्ये, गाड्या भाड्याने देणाऱ्यांच्या आवारात उभ्या असलेल्या पांढऱ्या हायलक्समध्ये ते सगळं भरलेलं होतं: दोन स्टेपन्या, हवा भरायचा कॉम्प्रेसर, दाब मोजायचं मीटर, फावडं, ओढायचा पट्टा, जॅक, पाण्याचा कॅन, डोक्यावरच शेगडी असलेला गॅसचा छोटा सिलिंडर, चाळीस लिटरचा फ्रिज. फ्रिजसाठी दुसरी बॅटरी वेगळी. रात्रभर दही गार ठेवण्याच्या नादात सकाळी इंजिनच सुरू झालं नाही, असं होऊ नये म्हणून.

लेखकाची बायको बँकेतून निवृत्त झालेली आहे. ताबा देणाऱ्या मुलीने यादी पुढे केली तेव्हा बाईंनी चष्मा लावला आणि चमच्यांपासून मोजायला सुरुवात केली. लेखक या काळात बॉनेट उघडून इंजिनाकडे जाणकारासारखा बघत होता. त्याला त्यातली फक्त बॅटरी ओळखता येते. इथे दोन असल्यामुळे आनंद दुप्पट झाला.

ती मुलगी मोठी हुशार होती. टपाचं गणित तिने सोपं करून सांगितलं. गाडी उभी असताना टप दोन माणसं सहज पेलतो, कारण भार सरळ खांबांतून चाकांवर उतरतो. धावताना तेच वजन प्रत्येक खड्ड्यात आदळतं आणि वळणावर गाडीला बाहेर खेचतं. म्हणून धावतानाची मर्यादा कितीतरी कमी. त्यात तंबू वर म्हणजे गुरुत्वमध्यही वर. खडीच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या इथे उलटतात त्या बहुतेक कोणाला धडकून नव्हे, तर एकट्यानेच, वेगात स्टिअरिंग झटकल्यामुळे. करारात खडीवर ताशी 80ची मर्यादा होती. ‘‘हे साठच्या वर जातच नाहीत,’’ बाई म्हणाल्या. मग मुलीने तंबू उघडून दाखवला: शिडी ओढली, तळाची दुमडलेली फळी पलटली, कापड फुलासारखं उमललं. दोन मिनिटं. ‘‘आणि मिटताना?’’ बाईंनी विचारलं.

‘‘याच्या उलट.’’

बाईंनी सही केली.

मकरवृत्ताच्या पाटीशी फोटो झाला. सॉलिटेअर नावाच्या ठिकाणी गंजलेल्या जुन्या मोटारींच्या पडीक दरबारात प्रसिद्ध ॲपल पाय खाल्ला. चांगला होता, पण दालचिनी जरा जास्त. संध्याकाळी सेस्रियमच्या तळावर पोचलो, असं लेखक आता म्हणतो. खरं तर पोचल्यावर तासभर गाडी मागे-पुढे चालली होती. टपावरच्या तंबूला जमीन लागत नाही हे खरं, पण गाडीला सपाट जमीन लागते. ती जराशी तिरकी असली, की रात्रभर एक जोडीदार दुसऱ्याच्या अंगावर घरंगळतो. बाईंनी डॅशबोर्डवर पाण्याची अर्धी बाटली आडवी ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत नवऱ्याकडून चाकाखाली दगड लाववले.

तंबूत चपला नेत नाहीत. त्या शिडीच्या पायथ्याशी ठेवायच्या नाहीत, हेही तळावर सांगतात, कारण इथले कोल्हे चपला पळवतात. पण संकष्टीलासुद्धा कोल्हापुरीच घालणाऱ्या माणसाला हा इशारा प्लास्टिकच्या चपलांबद्दल वाटला. रात्री खाली कुरकुर झाली. लेखकाने जाळीतून टॉर्च मारला. काळ्या पाठीचा, सडपातळ, कमालीचा देखणा कोल्हा डाव्या पायाची कोल्हापुरी तोंडात धरून उभा होता. अंगठ्याचा पट्टा त्याच्या जबड्यातून लोंबत होता. त्याने उजेडाकडे शांतपणे पाहिलं आणि चालू लागला. पळायची त्याला गरजच वाटली नाही.

आता खरी गोष्ट. सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाणारं आतलं फाटक तळावर मुक्काम करणाऱ्यांसाठी सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. बाहेर राहणाऱ्यांना सूर्य उगवेपर्यंत थांबावं लागतं. या एका तासासाठी लोक इथे मुक्काम करतात. तो तास गाठायचा, तर अंधारातच निघायला हवं, आणि टपावर राहणाऱ्याला नुसतं निघता येत नाही. त्याला आधी घर पाडावं लागतं. शेजारच्या जर्मन आजी-आजोबांनी आपला तंबू जमिनीवर लावला होता. ते उठले, तंबूची चेन ओढली, गाडीत बसले आणि गेले. घर जागेवर, माणसं सहलीला. लेखकाला हे त्या क्षणी सरळसरळ अन्यायाचं वाटलं. याच जर्मनांच्या पूर्वेकडच्या भाऊबंदांनी 1980च्या दशकात ट्राबांटसारख्या टिचभर गाडीच्या टपावरही तंबू चढवले होते, मग हे दोघे असे पायउतार कसे?

जूनचा महिना, म्हणजे तिथला हिवाळा. तंबूवरचं जाड प्लास्टिकचं आवरण थंडीने आखडून पत्र्यासारखं झालं होतं. ‘याच्या उलट’ करायचं म्हणून लेखकाने शिडी सरकवून तिचीच तरफ केली आणि फळी उचलली. तंबूने आतली सगळी हवा एका बाजूला घेतली आणि गर्भार म्हशीसारखं पोट काढलं. ते आत कोंबलं तर दुसरीकडे उशी बाहेर आली. उशी ढकलली, तर वरच्या पडद्याची लोखंडी काडी सुटून बाईंच्या कानाजवळून गेली. आवरणाची चेन तीन बाजूंनी फिरवायची असते. ती दुसऱ्या कोपऱ्यात कापड गिळून अडकली. एक पाय मागच्या चाकावर, दुसऱ्यात गेलेल्या चपलेऐवजी भाच्याच्या मापाचा बूट, तोंडात टॉर्च, अशा स्थितीत लेखक ‘‘ओढ!’’ म्हणाला. टॉर्चमुळे ते ‘‘ओह!’’ ऐकू आलं. बाई थांबल्या.

‘‘अहो, लागलं का?’’

‘‘ओह! ओह!’’

‘‘मग खाली उतरा ना!’’

फाटकाकडे गाड्यांच्या लाल दिव्यांची रांग लागली होती. रांग सरकली. मग दिसेनाशी झाली. बाई काही बोलल्या नाहीत. हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

पट्टे आवळताना लेखकाचा हात एकदम थबकला. लहानपणी मे महिन्यात दापोलीला जाताना वडील एसटीच्या मागच्या शिडीने टपावर चढायचे, वळकटी आणि ट्रंक काथ्याने बांधायचे आणि प्रत्येक थांब्यावर खाली उतरून मान वर करून गाठ बघायचे. मुलांना त्याची लाज वाटे. गाडी सुटेल, बाबा राहतील, अशी भीतीही वाटे. वडील गेल्याला बरीच वर्षं झाली. त्या गाठीचा प्रकार कोणी शिकून घेतला नाही.

‘‘झालं का?’’ खालून आवाज आला, आणि पट्ट्याच्या उरलेल्या टोकाला नुसती नाडीची गाठ मारून लेखक उतरला.

वाळूच्या टेकड्या लाल झाल्या तेव्हा हायलक्स डांबरी रस्त्यावर होती, आणि अर्धवट चेन लागलेलं आवरण टपावर फडफडत होतं. एकूण साठ किलोमीटर डांबर. मग शेवटचे पाचेक किलोमीटर नुसती मऊ वाळू. तिथे थांबून टायरमधली हवा निम्म्यावर आणायची असते. टायर बसका होतो, जमिनीला जास्त टेकतो, वजन पसरतं आणि चाक रुतत नाही. हवा बाईंनी सोडली, मीटर लावून, चारही चाकांत नेमकी सारखी. बँकेत त्यांचा हिशोब असाच पैशाला पैसा जुळायचा म्हणतात.

वाळूपलीकडच्या डेडव्लेई या कोरड्या तळ्यातली झाडं मरून सहाशेहून जास्त वर्षं झाली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीसुद्धा नाहीत. पांढऱ्या मातीवर काळीठिक्कर उभी आहेत. सूर्य चांगला वर आला होता. आपण उशिरा आलो, याची त्या झाडांनी तरी दखल घेतली नाही.

विन्डहुकला गाडी परत करताना एक काटा कमी भरला. बाईंनी तो फ्रिजच्या मागून शोधून काढला. मग मुलीने तपासणीसाठी तंबू उघडला, आत ओंजळभर वाळू निघाली ती झटकली, आणि खांद्याने फोन कानाशी धरून, कोणाशी तरी हसत बोलत, एकटीने पुन्हा मिटून टाकला. आधी खिडक्या उघडून हवा जाऊ दिली, मग कापड आत, मग फळी, शेवटी चेन.

बाईंनी तिला फोन ठेवायला सांगितलं, तंबू परत उघडायला लावला आणि आपला मोबाइल काढला. ‘‘आता सावकाश मीट,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि तुम्ही जरा बाजूला व्हा, मध्ये येताय.’’