जर्मनची लकाकी

रविवारी सकाळी मी बाल्कनीत जुनी वर्तमानपत्रं अंथरून दोन्ही पाय लांब करून बसतो आणि आजी जशी तान्ह्या बाळाला नडगीवर पालथं घालून न्हाऊ घालायची, तसं वडिलांच्या जुन्या गाडीच्या इंजिनावरचं ॲल्युमिनियमचं टॅपेट कव्हर पायांवर घेतो. रॉकेलने तेलकटपणा काढायचा, मग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. आधी ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००, ६००, ८००, १००० आणि शेवटी २०००. एका कागदाचे ओरखडे उभे, तर पुढच्याचे आडवे. मागचे सगळे मिटल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही, हा या पंथाचा पहिला नियम. घाई केली तर ती लपत नाही, उलट लकाकी चढते तसतशी उजळून निघते. दुसरा नियम, जिथे गॅस्केट बसतं त्या कडेला हात लावायचा नाही. मी उत्साहाने लावला होता. पुढे महिनाभर गाडी जिथे उभी राही तिथे ऑइलची रांगोळी घालून येई.

ॲल्युमिनियमला आमच्या घरी कुणी ॲल्युमिनियम म्हटलंच नाही. ते ‘जर्मन’. आजीचं दूध तापवायचं जर्मनचं पातेलं राखेने आणि काथ्याने घासून घासून मधोमध पातळ झालं होतं. पितळेच्या भांड्यांना कल्हईवाला यायचा, भाता फुंकायचा, नवसागराच्या धुराने सगळी आळी खोकायची; जर्मनच्या वाट्याला मात्र असला सोहळा कधी आला नाही. बिचाऱ्याने एके काळी मोठे दिवस पाहिले होते. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकाचं टोक ॲल्युमिनियमचं बसवलं, तेव्हा तो दुर्मिळ, मानाचा धातू होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, वीज वापरून तो स्वस्तात काढायची रीत सापडली आणि हळूहळू शिखरावरचा हा पाहुणा मोरीत येऊन बसला. मोठ्या घरची माणसं अशीच बघता बघता ओट्याशी येतात. फक्त त्यांच्या चेहऱ्यावर एक फिकट, चंदेरी संकोच राहून जातो.

तोच संकोच मी खरवडत बसतो. लोखंडाचा गंज लोखंडाला खातो, ॲल्युमिनियमचा गंज मात्र त्याला जपतो. उघड्या धातूला हवा लागली की क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, अवघा काही नॅनोमीटरचा. म्हणजे मी दोन तास घाम गाळून त्याची शाल ओढून काढतो आणि माझी पाठ वळायच्या आत तो ती पुन्हा अंगावर घेतो. हात मात्र काळे होतात, बोटांच्या रेषांतून चार दिवस काजळी जात नाही. १९४८ साली जग्वारने आपल्या एक्सके इंजिनावर अशीच लखलखीत कव्हरं बसवली, पण ती गाडी बॉनेट उघडून मिरवण्याजोगी होती. माझी सोसायटीच्या आंब्याखाली उभी असते आणि तिच्यात आस्थेने लक्ष घालतात ते फक्त कावळे.

परवा बायको दारात येऊन उभी राहिली. कव्हरमध्ये बाल्कनीचे गज, वाळत घातलेला टॉवेल आणि माझं नाक दिसत होतं. तिने निवांत पाहिलं, आत गेली आणि प्रेशर कुकर आणून शेजारी ठेवला. “अहो, हाही जर्मनचाच आहे.” मी काही बोललो नाही. “आतून काळा पडू नये म्हणून आम्ही त्याच्या पाण्यात चिंचेचं बुटुक टाकतो,” ती म्हणाली. “तुमच्या इंजिनात टाकून बघा.” त्या दुपारी मी कुकर घासला, बाहेरून, ८०० नंबरपर्यंत.

लहानपणी वडील बॉनेटमध्ये डोकं खुपसायचे तेव्हा बॅटरी मी धरायचो. “हलवू नकोस,” ते म्हणायचे, आणि मी श्वास धरून उभा राहायचो. त्यांनी आयुष्यात कधी काही चकाकवलं नाही. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली की त्यांच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरता २००० नंबर फिरायचा. आता रोज संध्याकाळी ऑइल बघायच्या निमित्ताने मी बॉनेट उघडतो आणि बॅटरी बायको धरते. ती हलवते. उजेड कव्हरवरून घरंगळतो, आंब्याच्या पानांवर जातो, परत येतो. काल बराच वेळ आम्ही दोघं तसेच उभे होतो. मग तिने विचारलं, “ऑइल किती आहे?”

मी डिपस्टिक काढलीच नव्हती.