सात अक्षरांचे काका

सोसायटीत कोणाच्या घरी पाळणा हलला की बाकीचे बाळाचं नाव विचारतात, स्क्रॅबलकाका स्पेलिंग विचारतात. त्यात झेड निघाला तर त्यांचा चेहरा खुलतो. मग स्क्रॅबलमध्ये विशेषनाम चालत नाही हे आठवतं आणि ते निमूटपणे पेढा घेतात.

असा एखादा काका हल्ली प्रत्येक सोसायटीत असतोच. बहुधा बँकेतून निवृत्त, सकाळी फिरायला जाणारा आणि वाटेतल्या दुकानांच्या पाट्या उलटसुलट करून वाचणारा. नवखा खेळाडू 10 गुणांचा क्यू हाती आला की हरखतो. काकांच्या लेखी क्यू म्हणजे श्रीमंत पाहुणा. मिरवतो खूप, पण घर चालतं ते एकेका गुणाच्या गरीब अक्षरांवर. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं रॅकवर आली की काका श्वास रोखतात. रिटेन्स, नॅस्टिअर, स्टेनर, अँट्सिअर, रेट्सिना... जपमाळ सुरू! अक्षरांचे जेमतेम 7 गुण, पण सातही टाइल्स एका दमात लागल्या की वर 50 बक्षीस. रेट्सिना ही ग्रीसची वाइन आहे असं पुतण्याने सांगितलं, तेव्हा चातुर्मास पाळणारे काका म्हणाले, ‘‘असू दे, आपल्याला कुठे प्यायचीय?’’

अर्थाशी त्यांचं वैर नाही, फक्त ओळख नाही. कोणी छेडलंच तर ते न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सचा दाखला देतात. या गृहस्थाने फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली आणि 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद पटकावलं. काकांना मात्र अजून बिल्डिंगचं विजेतेपदही मिळालेलं नाही. त्याचं कारण काकू.

परवाच्या रविवारची गोष्ट. काकांनी आय, एन, जी उजवीकडे सरकवले, पुन्हा मोडले, आर-ई डावीकडे आणून पाहिले. एस तर ते घरच्या दागिन्यासारखा सांभाळून ठेवतात. शंभर टाइल्समध्ये तो चारच. अखेर सात अक्षरी शब्द जमला. बोर्डावर तो बसेल अशी जागा एकच होती. काकूंची पाळी आली. त्यांनी बोलता बोलता तिथे ‘झू’ ठेवला आणि भाजी परतायला उठल्या.

‘‘अहो, तुम्हाला हवी होती का ती जागा? मग आधी सांगायचं ना!’’

स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला असं आधी सांगत नसतात, हे चाळीशी ओलांडलेल्या संसारात कसं समजावणार? काका बोलले नाहीत. पण तो न लागलेला शब्द त्यांनी संध्याकाळपर्यंत दूधवाला, वॉचमन, लिफ्टमधली शाळकरी पोरं, सगळ्यांना सांगितला. इस्त्रीवाल्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि गाठोडं पुढे करत विचारलं, ‘‘काका, एकूण किती झाले?’’

‘‘कमीत कमी 57!’’

कपडे 11 होते.