शुभेच्छुक ते प्रमुख पाहुणे

भाऊंच्या भानगडीला किती महिने झाले, हे फ्लेक्स बघून सांगता येतं. बदलापूर पूर्वेला खरवईच्या रस्त्यानं जाताना गुढीपाडव्याच्या फ्लेक्सवर ते अगदी तळाला, शुभेच्छुकांच्या गर्दीत, आधार कार्डावरच्या फोटोएवढे असतात. दहीहंडीला एक ओळ वर सरकतात. गणपतीत डोळ्यांवर गॉगल चढतो. नवरात्र येईपर्यंत देवी डाव्या कोपऱ्यात गेलेली असते, मधोमध भाऊ हात जोडून उभे, आणि वर ठळक अक्षरांत ‘जागर स्त्रीशक्तीचा’.

हे भाऊ कोणी एक गृहस्थ नव्हेत. खरवईत, कुळगावात, अंबरनाथला, उल्हासनगरात आणि तिथून थेट मंत्रालयापर्यंत हा नमुना आढळतो. कुणाला यात स्वतःचा चेहरा दिसलाच तर त्यानं तो खुशाल बघावा, मला मात्र फोन करू नये.

भानगड नेमकी काय होती, ते कुणीच नीट सांगत नाही. टपरीवर तिला ‘ते प्रकरण’ म्हणतात, पुढचं काम भुवया करतात. ‘मी ती क्लिप उघडलीच नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्याला ती किती मिनिटं किती सेकंदांची आहे हे पाठ असतं. भाऊंचं निवेदन तयारच असतं. पूर्वी व्हिडिओ ‘मॉर्फ’ केलेला असायचा, हल्ली तो एआयनं बनवलेला असतो. विरोधकांचं षड्यंत्र, न्यायव्यवस्थेवर पूर्ण विश्वास, माझ्याही घरात आई-बहीण आहे. (ती घरात आहे, हे त्यांना त्याच दिवशी आठवतं.) मग फोन बंद, भाऊ देवदर्शनाला. शिर्डी, अक्कलकोट, गाणगापूर. प्रकरण फारच वाढलं तर रक्तदाब आणि खाजगी रुग्णालयातला एसी कक्ष.

परत यायचं ठिकाण ते फार विचारानं निवडतात. लग्नाला नाही, वाढदिवसाला नाही, दशक्रियेला. घाटावर सगळ्यांचेच चेहरे उतरलेले असतात, त्यात भाऊंचा उतरलेला चेहरा खपून जातो. उलट कुणीतरी हळूच म्हणतं, ‘बघा, एवढ्या त्रासातसुद्धा आले.’ आणि पिंडाला कावळा शिवायची वाट बघत शंभर माणसं गप्प उभी असताना ‘काय हो, त्या बाईच्या तक्रारीचं काय झालं?’ असं विचारणारा अजून जन्मायचा आहे. असे पाच-सहा घाट केले की भाऊ निम्मे परतले. मग हळदी सुरू होतात. आगरी हळद म्हणजे रात्रभर डीजे. भाऊ आहेराचं पाकीट देतात, म्हाताऱ्यांच्या पाया पडतात आणि नाचणाऱ्यांपासून लांब खुर्ची टाकून बसतात. कुणी पुन्हा क्लिप काढील, ही धास्ती. त्यानंतर टेनिस बॉलचे क्रिकेट सामने, ‘भाऊ चषक’. बक्षीस द्यायला जो मोठा नेता येतो, तो स्टेजवर त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो. तेवढ्या एका फोटोसाठी सगळा खर्च केलेला असतो.

वरच्या नेत्यांचे दाखले भाऊंना तोंडपाठ असतात. संजय राठोडांचा तर विशेष. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यात एका तरुणीचा मृत्यू झाला आणि तेव्हाचे वनमंत्री राठोड यांच्यावर आरोप झाले. दोनेक आठवडे ते कुठे दिसेनात. २३ तारखेला करोनाचे निर्बंध असताना पोहरादेवीला प्रचंड गर्दीत प्रगटले, २८ ला राजीनामा दिला. राजीनाम्यासाठी सर्वांत मोठा आवाज भाजपचा होता, त्यातही चित्रा वाघ यांचा. राठोडांनी आरोप पहिल्यापासून फेटाळले. पुढे ९ ऑगस्ट २०२२ ला शिंदे-फडणवीस सरकारचा विस्तार झाला, तेव्हा पोलिसांनी क्लीन चिट दिल्याचं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं आणि राठोड मंत्री झाले. वाघ यांनी नाराजी बोलून दाखवली, खातेवाटपही यथासांग पार पडलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा मंत्री. भाऊ यातून एवढंच घेतात की विरोधकांचा आवाज फार मनावर घेऊ नये, त्यांच्याच शेजारची खुर्ची उद्या आपल्याला मिळायची असते.

गोव्याचा दाखला मात्र ते टाळतात. तिथे मिलिंद नाईक यांनी अशाच आरोपांवरून डिसेंबर २०२१ मध्ये मंत्रिपद सोडलं, तीन महिन्यांच्या आत विधानसभेचा निकाल आला आणि मुरगावात ते पडले. पाडलं काँग्रेसच्या संकल्प आमोणकरांनी. सप्टेंबर २०२२ मध्ये आमोणकर काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले, म्हणजे नाईकांच्याच पक्षात! माणसं बदलतात, पक्ष तोच राहतो.

नाईकांना नडली ती मुदत. तीन महिन्यांत मतदार काय विसरणार? त्या मानानं आमचे भाऊ भाग्यवान. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली, मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती डिसेंबर २०२५ मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासकाची. एवढ्या काळात भानगड शिळी होते, आणि गावही बदलतं. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं हे शहर २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, त्यानंतरचे टॉवर तर कुणी मोजलेलेच नाहीत. नव्या सोसायटीतल्या माणसाला ‘ते प्रकरण’ माहीत नसतं. त्याला माहीत असतं की नळाला पाणी कमी येतं, रात्री कारखान्यांच्या बाजूनं उग्र वास येतो, आणि पहाटेच्या लोकलला बसायला जागा मिळाली तर मिळाली. रात्री घरी परतल्यावर नगरसेवकाचं चारित्र्य तपासायला त्याच्यात जीव उरत नाही. पेव्हर ब्लॉक बसवून दिले की तो भाऊंना ओळखू लागतो, आणि ओळख तिथूनच सुरू होते.

जुलै २०२४ मध्ये तर सरकारनंच हात दिला. ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली, महिन्याला १५०० रुपये. भाऊंच्या जनसंपर्क कार्यालयाचं गंजलेलं शटर वर गेलं, दोन पोरं लॅपटॉप घेऊन बसली, बाहेर बायकांची रांग लागली. तक्रार एका बाईनं केली होती. आता शेकडो बायका ‘भाऊ, माझा ओटीपीच येत नाही’ म्हणून त्यांना शोधत येऊ लागल्या. ‘बहिणींचा विश्वास हीच माझी कमाई’ हे त्याच संध्याकाळचं स्टेटस.

पण भाऊंचं खरं भांडवल म्हणजे वहिनी. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. आरक्षणाची सोडत निघते, भाऊंची जागा महिलांसाठी जाते. एरवी त्यांनी कपाळाला हात लावला असता, या खेपेला ते पेढे वाटतात. पक्षाला भाऊंचं नाव नको असतं आणि भाऊंची मतं हवी असतात. वहिनींना तिकीट दिलं की दोन्ही साधतं. फ्लेक्सवर वहिनींच्या नावाआधी ‘सौ.’, आणि मधलं नाव, म्हणजे भाऊंचं, सर्वांत मोठ्या टाइपात.

प्रचार बघण्यासारखा असतो. वहिनी पुढे, पदर सावरून, हात जोडून. भाऊ चार पावलं मागे, पत्रकांचा गठ्ठा आणि वहिनींची पाण्याची बाटली सांभाळत. वीस-बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोची बाटली पहिल्यांदाच हातात धरलेली असते. भाऊ एकटे गेले तर जे दार अर्धंच उघडेल, तिथे वहिनींना आत बोलावून हळदीकुंकू लावतात. एखादी म्हातारी तोंडावर बोलतेच, ‘तू ये गो बाय आत. त्याला राहू दे भायेर.’ भाऊ चपलांपाशी उभे राहून हसतात. मत पडलं, हे त्यांना कळलेलं असतं.

वहिनींना काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. पत्रकार त्यांना विकासाचा अजेंडा विचारतात आणि उत्तर भाऊ देतात. जिचा चारचौघांत सर्वांत जास्त अपमान झाला, तीच बाई दारोदार फिरून त्या अपमानावर पांघरूण घालते, वर ‘वहिनी खंबीर आहेत हो’ ही शाबासकी ऐकते. आणि जिनं तक्रार केली होती, ती? ती कुठल्याच फ्लेक्सवर नसते. तिनं गाव सोडलेलं असतं, नाहीतर तक्रार मागे घेतलेली असते. तिच्या पुनरागमनाची चर्चा मी तरी कुठे ऐकली नाही.

परतीचा दुसरा रस्ता नाहीच असं नाही. ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो यांनी अशाच एका प्रकरणात संसदेत खोटं सांगितल्याचं कबूल करून जून १९६३ मध्ये राजीनामा दिला. नंतर लंडनच्या पूर्व भागातल्या टॉयन्बी हॉल या सेवाभावी संस्थेत जाऊन त्यांनी भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं तिथेच काम केलं. २००६ मध्ये वारले, पण पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ही हकीकत मी भाऊंच्या एका कार्यकर्त्याला सांगितली. त्यानं मन लावून ऐकली आणि विचारलं, ‘फ्लेक्स कुणी लावले त्यांचे?’ कुणीच नाही, म्हटलं. ‘मग उपयोग काय झाला?’

आता एक गोष्ट, जिच्यावर विनोद करवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातल्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, तेव्हा याच बदलापूरकरांनी २० तारखेला तासन् तास रेल्वे रोखून धरली होती. त्या प्रकरणात शाळेच्या बाजूनं सहआरोपी असलेल्या एका पदाधिकाऱ्याला जानेवारी २०२६ मध्ये भाजपनं नगरपरिषदेत स्वीकृत नगरसेवक केलं. निवडून येण्याचीही गरज पडली नाही. राज्यभर ओरड झाली आणि त्यांना लगेच राजीनामा द्यावा लागला. म्हणजे ओरडलं की ऐकू जातं.

तेव्हा खरवईकरांनो, घाटावर विचारता येत नाही, हे मान्य. पण भाऊ पुढच्या वेळी दारात आले, की चहा टाकण्याआधी एवढं विचारा: त्या तक्रारीचं पुढे काय झालं? आणि उत्तर वहिनींना देऊ देऊ नका.