रा. रा. 'लास्ट किती' यांस

रा. रा. 'लास्ट किती' साहेब,
मु. पो. इंदापूर (ॲप तसं दाखवतं),
यांस बारामतीहून सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या तीन आठवड्यांत आपले मला चार निरोप आले. पहिला होता, 'हे अजून उपलब्ध आहे का?' तो आपण लिहिलेला नव्हता, बटण दाबलं की आपोआप जातो, हे मला मागाहून कळलं. तोवर मी सहा ओळींचं सविस्तर उत्तर लिहून बसलो होतो, शेवटी 'आपण कुठली शैली वाजवता?' अशी आपुलकीची चौकशीही केली होती. उरलेले तिन्ही निरोप 'लास्ट किती'. एकदा प्रश्नचिन्हासह, दोनदा त्याशिवाय. आपलं खरं नाव मला ठाऊक नाही, फोटोच्या जागी बैलजोडी आहे. म्हणून ज्या नावानं आपण माझ्या फोनमध्ये शिरलात त्याच नावानं लिहितोय. आणि पत्र खुलं अशासाठी, की आपण एकटे नाही आहात.

मी विकायला काढलंय ते असं: एक काळी यामाहा इलेक्ट्रिक गिटार, एक दहा वॅटचा ॲम्प आणि बॉस कंपनीचं नारिंगी डीएस-१ पेडल. तिन्हींचे मिळून १४,००० रुपये. विकायचं कारण आपण विचारलं नाहीत, तरी सांगतो. गिटार जिथं उभी असते त्या कोपऱ्यात आता पोराचं अभ्यासाचं टेबल यायचंय.

पहिली चूक माझीच. मी जाहिरातीच्या मथळ्यात 'यामाहा' हा शब्द आधी लिहिला. संध्याकाळपर्यंत अकरा जणांचे फोन. "पेपर क्लिअर आहेत का?" "किती पळालीय?" "सायलेन्सर ओरिजिनल का?" आपल्या भागात यामाहा म्हणजे आर एक्स १००, हे मी विसरलो होतो. तिचं उत्पादन १९९६ साली थांबलं, पण पोरं अजून तिच्यासाठी रान उठवतात. एकाला मी म्हटलं, "दादा, ही गिटार आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग टाकीवरचं ते चिन्ह कशाचं असतंय?" त्याचं बरोबर होतं. त्या चिन्हात ट्यूनिंग फोर्क आहेत, सूर जुळवायचे तीन चिमटे. १८८७ साली कंपनी निघाली ती बाजाची पेटी करायला, मोटरसायकली फार पुढं, १९५५ साली. म्हणजे आर एक्सवरून गल्लीत फेऱ्या मारणारी प्रत्येक स्वारी वाद्यांच्या दुकानाची पाटी घेऊन फिरते. मी हे त्याला फोनवर समजावलं. त्यानं विचारलं, "पण पेपर?"

मग मी मथळा बदलून 'पेडल' आधी घेतलं. दुसऱ्या दिवशी एका ताईंचा फोन, शिलाई मशीनला बसेल का. तिसऱ्या दिवशी एका बेंजो पार्टीवाल्यांनी ऑक्टापॅडशी अदलाबदल सुचवली, वर पाच हजार मी द्यायचे. हा माणूस मात्र मला आवडला. कारण सगळ्यांत तो एकटाच असा होता, की ज्याला वाद्याच्या पोटात काय असतं ते कळत होतं. त्यानं विचारलं, "जॅक हलतो का?" त्या प्रश्नाचं उत्तर मी टाळलं. त्याबद्दल पुढं येईन.

आता आपल्या शब्दाकडे. आपण बैलजोडीचा फोटो लावलाय म्हणजे बाजार आपल्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार. गुरांच्या बाजारात कुणी दावणीपासून वीस पावलांवरून "लास्ट किती" म्हणून ओरडतं का? आधी जनावर चालवून बघतात. तोंड उघडून दात मोजतात: दोनदाती, चारदाती, जुळलेला. मारका आहे का, औताला बसतो का, ते विचारतात. विकणाराही एखादी खोड आपल्या तोंडानं सांगतो, कारण जनावराशेजारी तो स्वतः उभा असतो आणि पुढच्या बाजारालाही त्याला तिथंच उभं राहायचं असतं. मग रुमालाखाली हात जातो, बोटं दाबली जातात, व्यापारी मान हलवतो, उठून जातो, चार पावलांवरून परत येतो. शेवटचा आकडा शेवटी येतो, म्हणून तर तो शेवटचा. आपण सुरुवातच त्यानं केलीत. मी ११,००० म्हटलं असतं तर आपण आठ म्हणाला असता. मग मी सांगितला तो लास्ट कसा राहिला? तो फर्स्टच झाला ना, साहेब.

मधे एक फार सभ्य गिऱ्हाईक आलं. लष्करात असल्याचं सांगितलं, किंमत पाडली नाही, माल बघायला येणार नाही म्हणाले, गाडी पाठवतो म्हणाले. इतकं गुणी गिऱ्हाईक बघून मला खरं तर तिथंच घाम फुटायला हवा होता. "आधी एक रुपया पाठवून बघतो," आणि एक रुपया आलाही. मग क्यूआर कोड आला, "हा स्कॅन करा, पिन टाका, चौदा हजार जमा होतील." मी स्कॅन केला. पडद्यावर माझंच नाव पैसे देणाऱ्याच्या जागी, खाली पिनचे मोकळे चौकोन. अंगठा पहिल्या आकड्यावर होता. तेवढ्यात खालच्या किराणा दुकानातली बोलकी डबी ओरडली, कुणाचे तरी वीस रुपये आले. आणि डोक्यात आलं, की ही डबी दिवसभर पैसे घेते, हिला कधी कुणी पिन टाकायला लावलाय का? यूपीआय २०१६ साली आलं, तेव्हापासून नियम एकच आहे. पिन लागतो तो पैसे देताना, घ्यायला काही लागत नाही. हे मला पाठ होतं. तरी अंगठा तिथवर गेला होता. आपल्याला हे अशासाठी कळवतो, की आपलं 'लास्ट किती' त्या दिवसानंतर मला फार प्रामाणिक वाटायला लागलं. (असं कुणाचं झालंच, तर १९३० वर लगेच फोन करावा. लाजेत गेलेला तास पैसे घेऊन जातो.)

जगात गिटारी अशाही विकल्या जातात. रॉक गायक कर्ट कोबेननं १९९३ साली एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात जी मार्टिन गिटार वाजवली, ती २०२० साली लिलावात ६० लाख १० हजार डॉलरला गेली. तिथं लोक आकडा वर नेत होते, आपण खाली नेता, एवढाच फरक. त्या गिटारीबरोबर तिची पेटीही दिली होती. त्यामुळे "बॅग फ्री ना?" या प्रश्नावर माझा राग नाही. आंतरराष्ट्रीय प्रथाच आहे ती.

आता खोड सांगतो. जाहिरातीत मी 'एकदम नवीन कंडिशन' लिहिलंय. ते कॅमेऱ्यापुरतं खरं आहे. काल रात्री सगळे झोपल्यावर मी गिटार दिव्याखाली धरली आणि सुतार फळी बघतो तसं एक डोळा मिटून मानेवरून पाहिलं. मान सरळ आहे, शपथेवर. पण मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर आली आहेत. आपल्याकडचा मार्च-एप्रिल आपल्याला ठाऊक आहे. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातूची पट्टी काही आकसत नाही. मग डावा हात खाली सरकवला, की करवतीवरून फिरवल्यासारखा लागतो. बारीक कानस मारली तर जाईल, मी आठ वर्षांत मारली नाही. आवाजाचं बटण सहा आणि सातच्या मध्ये खरखरतं, ती माझ्या घरची धूळ. आणि हो, केबल खुपसायचा तो जॅक हलतो. फोटो डाव्या बाजूनं काढलाय तो त्यासाठीच.

एवढं कबूल केलंच आहे तर पुढचंही ऐका. ते नारिंगी पेडल मी स्वतः नवं घेतलेलं नाही. पुण्यात एका कॉलेजच्या पोरानं विकायला काढलं होतं, तीन हजारांना. मी त्याला पहिला निरोप काय पाठवला असेल? तोच. प्रश्नचिन्ह न लावता. अठराशेला तोडलं. तो बसस्टॉपवर आला, पेडल हातात दिलं, आणि पायानं दाबायचा तो भाग अंगठ्यानं एकदा पुसला. मी पैसे मोजत होतो. घरी येऊन नऊ व्होल्टची बॅटरी बदलायला झाकण उघडलं, तर आत घडी घातलेली चिठ्ठी. पेन्सिलीनं तीन नॉबची चित्रं, प्रत्येकात काट्यासारखी रेघ: टोन दहा वाजता, लेव्हल बारा, डिस्ट तीन. खाली लिहिलं होतं, 'सोलोला. केबल काढून ठेव, नाहीतर बॅटरी संपते.' इतकी वर्षं मी त्याच सेटिंगवर वाजवतोय. बाराशे रुपये कमी देऊन वर शिकवणी फुकट घेतली, आणि त्या पोराला साधं थँक्यू कळवलं नाही.

तर मुद्द्याचं. इंदापूरला आणून द्या असं आपण अजून म्हणाला नाहीत, पण म्हणाल. बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर, तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करत पार करते. दिंडीतला वीणेकरी वीणा खाली ठेवत नाही. थकला तर ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, लास्ट-बिस्ट कुणी विचारत नाही. ही प्रथा गिटारीला लावायला माझी हरकत नाही, फक्त गळ्यात घालून घेताना पैसे द्यावेत. आपण निम्म्यात भेटू. वाटेतल्या जंक्शन गावात रविवारी सकाळी दहाला, चहाच्या टपरीवर, जिथं ॲम्प लावायला एक प्लग मिळेल. शेजारच्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात, पण पहिली बारीक तार तुटली की आपण अजून पुण्याला कोण जातंय ते शोधतो. तेव्हा तारांचा एक कोरा संच मी बरोबर आणतो.

आधी चालवून बघा. दात मोजा. जॅक हलवून बघा. वाजवता येत नसेल तर नुसती तार छेडा, मी चहा सांगतो. मग रुमालाखाली हात घाला. माझ्या मनात साडेबारा आहे, पण ते मी तिथंच बोटांनी सांगीन. पेडलच्या पोटातली चिठ्ठी तशीच ठेवली आहे, तिचे पैसे लावलेले नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
'चॅटवर शेवटचे पाहिले: काल'

ता. क. आपल्या माहितीत कुणाला आर एक्स १०० विकायची असेल तर कळवा. माझ्याकडे अकरा गिऱ्हाईकं आहेत. पेपर मात्र क्लिअर पाहिजेत.